साहेबाची घागर

आमच्या घरी आखाजीच्या दिवशी उंबरठ्यावर कुंकवाची जी बोटं ओढली जातात, त्यातलं शेवटचं बोट एका इंग्रजाचं असतं. लग्न ठरताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पत्रिका जुळवली, शेती किती ते विचारलं, मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही याची खात्री करून घेतली. पण 'तुमच्या पितरांत कोणी गोरा आहे का' असं विचारायचं माझ्या वडिलांना सुचलं नाही. विचारलं असतं तर धुळ्याच्या लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं असतं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो आणि आम्ही खानदेशी लोक मेलेल्यांना पाणी पाजतो. नवी लाल घागर आणायची, पाण्यानं भरायची, तिच्या तोंडावर डेरगं म्हणजे छोटं मडकं ठेवायचं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. मग घरातल्या कर्त्या पुरुषानं वाकून एकेका पितराचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा आणि बाहेरच्या एखाद्या माणसाला 'पितर' म्हणून जेवायला बसवायचं. तो पोटभर जेवला की आपले मेलेले जेवले. व्यवहार साधा आहे.

लग्नानंतर बरीच वर्षं मला या इंग्रजाचा पत्ता लागला नाही, कारण आखाजीला लेकी माहेरी जातात. मी धुळ्याला जाऊन झोके खेळत होते. आई गेल्यावर मात्र माहेरची ओढ कमी झाली आणि मी पहिल्यांदा आखाजीला सासरी राहिले. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला, कोरडवाहू शेतीचं. तिथं त्या सकाळी पाहते तर ओट्यावर दोन घागरी. एक घरच्या पितरांची आणि दुसरी जरा लांब, खांबाजवळ. दुसरीवर खरबूज होतं, आंबे होते, सांजोरी होती आणि सांजोरीशेजारी ग्लुकोजची दोन बिस्किटं होती.

"ही कोणाची?" मी सासऱ्यांना विचारलं. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही नानाच म्हणते.

"सायबानी शे," नाना म्हणाले. जणू चुलत्याची म्हणावं तसं.

"आणि लांब का ठेवलीय?"

"तो काय आपलामा बसी का? मोठा घरना माणूस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या उकाड्यात घरच्या पितरांचा नैवेद्य अजून चुलीवर आणि हे इंग्रजाला बिस्किटं घालताहेत. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पण सासरची आखाजी पहिलीच होती, म्हणून मी तोंडात आलेलं गिळलं आणि पुरण वाटायला बसले.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर नानांनी मला सगळी हकिगत सांगितली. पुढं ती मी दरवर्षी ऐकली, त्यामुळे आता झोपेतही सांगू शकेन. नानांचे पणजोबा जंगलातले वाटाडे होते. शिकारीला आलेल्या साहेब लोकांना ते सातपुड्यातून फिरवत. त्यांच्यापैकी एक तरुण साहेब घोडदळातला अधिकारी होता आणि फार मोठ्या घरचा होता. किती मोठ्या, तर नानांच्या शब्दांत, "बाप राजा नही, पन राजानी पंगतमा बसे असा." या साहेबाला डोंगरात हिवताप चढला. बरोबरचे लोक डॉक्टर आणायला पळाले. पणजोबांनी साहेबाचं डोकं मांडीवर घेतलं आणि चिंधी भिजवून त्याच्या तोंडात पाणी पिळत राहिले. साहेबानं पाणी पीत पीतच मांडीवर प्राण सोडला. मग पलटणीची माणसं आली आणि तोंडावर कापड टाकून डोलीतून त्याला घेऊन गेली. पणजोबा म्हणाले, याचं इथं कोणी नाही, याला शेवटचं पाणी आपण पाजलं, आता पुढचंही आपल्यालाच पाजावं लागेल. तेव्हापासून घागर.

घागरीबरोबर पितरही आला. घरच्या पितरांसाठी नाना कोणालाही बोलवत, पण साहेबाचा पितर ठरलेला होता. गल्लीतले एक आबा वर्षानुवर्षं साहेब म्हणून जेवायला येत. त्या दिवशी ते धोतर सोडून पॅन्ट घालत, खाली न बसता खुर्चीवर बसत आणि आमरससुद्धा चमच्यानं खात. पुरणपोळीला चमचा लावताना त्यांची जी तारांबळ उडे ती पाहायला आजूबाजूच्या बायका काहीतरी निमित्त काढून येत. आबा मात्र गंभीर असत. जेवण झालं की नानांकडे पाहून फक्त मान हलवत, कारण साहेब आभार कसे मानतो हे त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. गंमत नव्हती ती नानांच्या मनात. नाना पंच्याऐंशीच्या पुढं गेले तसे ते दर आखाजीला एकच गोष्ट विचारू लागले. "मना मांगे त्याले पानी कोन दी?"

हा प्रश्न माझ्या नवऱ्यासाठी होता. आमचे हे कृषी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर माती तपासलेला माणूस, खोटं बोलायची सवय नाही. दुसरा कोणी असता तर 'भरीन हो नाना' म्हणून मोकळा झाला असता. हे म्हणाले, "नाना, घरच्यांची घागर मी भरेन. साहेबाची तुमच्यापर्यंत. पुढं माझ्यानं होणार नाही." नानांनी त्यावर काही वाद घातला नाही. ते फक्त गप्प झाले, आणि नाना गप्प झाले की घरातली भांडीसुद्धा हळू वाजतात. त्यांना खरोखर काळजी लागली होती. आपण मेल्यावर एक माणूस तहानलेला राहणार आणि तो दोष आपल्या घराण्याला लागणार, हे त्यांना जेवू देईना. मी ह्यांना म्हटलं, अहो, हो म्हणून टाका, बापाचं मन राहील. तर ह्यांनी मिठाची गुळणी धरली.

अशात आमच्या पुण्याच्या पुतण्यानं एक उद्योग केला. आखाजीला आला होता, त्यानं नानांना साहेबाची हकिगत सांगायला लावली, मोबाईलवर चित्रण केलं आणि खाली इंग्रजी ओळी टाकून इंटरनेटवर सोडून दिलं. आम्ही ते विसरूनही गेलो. काही महिन्यांनी त्याला विलायतेहून ईमेल आला. लिहिणारा म्हणत होता, तुमच्या गावाचं नाव माझ्या घरी भिंतीवरच्या वाघाच्या मुंडक्याखाली पितळी पट्टीवर कोरलेलं आहे, आणि तुमचे हे साहेब म्हणजे बहुधा माझे पणजोबा. मला तिकडे यायला आवडेल.

पुतण्यानं तो ईमेल मला पाठवला, कारण मी जळगावच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. जन्मभर शिकवलेलं इंग्रजी खऱ्या इंग्रजावर वापरायची ती माझी पहिलीच वेळ. उत्तर लिहिण्यात माझे दोन दिवस गेले.

नानांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. "त्याना मानूस शे ना?" ते म्हणाले. "मंग त्यानी घागर त्याले सोपी देऊ. मी मोकया." त्यांच्या हिशेबी प्रश्न मिटला होता. पितराचा वारस सापडला, त्याच्या हाती घागर द्यायची, तो आपल्या गावी नेऊन दरवर्षी भरेल, आणि नानांना सुखानं मरता येईल.

मी पाहुण्यांना लिहिलं की डिसेंबरात या, हवा छान असते, शेतात भरीत-भाकरीचं जेवण करू. नाना म्हणाले, "घागर काय हिवाळामा भरतस का?" म्हणून मी पुन्हा लिहिलं की आखाजीला या. वैशाखात जळगाव म्हणजे काय, हे मी सभ्य भाषेत कळवलं. त्यांचं उत्तर आलं की मी सैन्यात असताना वाळवंटात राहिलो आहे. म्हटलं, या मग.

जळगाव स्टेशनवर ते उतरले तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. ऐंशीच्या घरातले, उंच, ताठ, डोक्यावर गवती हॅट, हातात काठी. मला पाहून त्यांनी हॅट काढली आणि म्हणाले की हवा प्रसन्न आहे. रिक्षावाल्यांना मी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

गाडीतून गावाकडे येताना त्यांनी मला आपली हकिगत सांगितली. घराणं सरदारांचं, घराला किती खोल्या ते त्यांनाही नीट माहीत नाही. कोवळ्या वयात त्यांना दूरच्या शाळेत टाकलं, तिथं थंड पाण्यानं आंघोळ आणि उकडलेली कोबी. मग सैन्य. कर्नल होऊन निवृत्त झाले. पाय मोडला होता, पण लढाईत नाही. राणीच्या समोर संचलन चालू असताना घोड्यावरून पडले. मग राजकारण. ज्या भागात त्यांचे वडील, आजोबा निवडून येत, तिथूनच हेही निवडून आले. काही वर्षांनी तिथंच पडले, एका शाळामास्तरणीकडून. हे ऐकून मी जरा जास्तच आनंदानं मान हलवली. मग त्यांना वरच्या सभागृहात बसवलं, जिथं निवडून यावं लागत नाही.

"म्हणजे नक्की काय करता तिथं?" मी विचारलं.

"दुपारनंतर झोपतो," ते म्हणाले. "पण बसून."

गावाच्या वेशीवर सरपंचांनी बॅनर लावला होता. त्यावर तालुक्यातल्या सगळ्या नेत्यांचे हसरे फोटो, मधोमध सरपंच, आणि खालच्या कोपऱ्यात वाघाच्या चित्राशेजारी 'माजी खासदार (विलायत) यांचे हार्दिक स्वागत'. फोटो मिळाला नाही म्हणून वाघ लावला, असं सरपंच म्हणाले. शाल झाली, नारळ झाला, डोक्यावर टोपी चढली. मग एकेकजण निवेदन घेऊन पुढं आला. आपल्याकडे माजी असो की आजी, खासदार दिसला की निवेदन द्यायचंच. शेतातल्या विजेच्या डीपीचं होतं, नाल्यावरच्या पुलाचं होतं, बंद झालेल्या एसटीचं होतं. मला वाटलं पाहुणे गांगरतील. पण त्या माणसानं आयुष्यभर हेच केलेलं. प्रत्येक कागद दोन्ही हातांनी घेतला, मला त्यातला मजकूर विचारला, आणि एसटीच्या माणसाला गंभीरपणे म्हणाले, "आमच्या गावाचीही बस बंद केली. मीच खासदार होतो तेव्हा."

हे भाषांतर केल्यावर गावाला तो एकदम आपला वाटायला लागला. मागच्या निवडणुकीत पडलेले एक भाऊ पुढं झाले आणि विचारू लागले, किती मतांनी पडले. पाहुण्यांनी आकडा सांगितला. भाऊ म्हणाले, "हाई काही पडनं नही. मी यान्हापेक्षा जास्तीनं पडेल शे." दोघांनी हात मिळवले.

दुसऱ्या दिवशी आखाजी. नानांनी नवा शर्ट घातला होता. दोन्ही घागरी भरल्या, पण या वेळी त्यांनी साहेबाची घागर खांबाजवळून उचलून घरच्या घागरीशेजारी आणून ठेवली. साहेबाचा माणूस घरी आलेला, आता कसला वेगळेपणा. बोटं ओढून झाली, शेवटचं बोट साहेबाचं. पाहुणे काठीला टेकून सगळं पाहत होते आणि मधून मधून मला विचारत होते. पितर म्हणून जेवायला त्यांनाच बसवायचं होतं, हे उघड होतं. पणजोबा म्हणून खुद्द पणतू बसणार, याहून पक्का पितर कुठला मिळणार.

फक्त आबांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांची त्यांची जागा गेली होती. बोलावणं नसतानाही ते पॅन्ट घालून आले आणि ओसरीवर समोर बसून राहिले, नवा माणूस काम कसं करतो ते पाहायला.

पाहुण्यांनी खुर्ची नको म्हणून सांगितलं. मोडलेला पाय लांब करून ते पाटावर बसले. खापरावरचे मांडे, आमरस, लाल तिखट रशी म्हणजे आमटी, कुरडया, भजी. मी त्यांना चमचा दिला तर तोही बाजूला ठेवला. मी कसं खाते ते पाहिलं आणि हातानं सुरू झाले. रस कोपरापर्यंत आला तरी थांबले नाहीत. रशीनं डोळ्यांत पाणी आलं, नाक गळायला लागलं, पण तोंडातून शब्द नाही. पितराला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं, आणि हा माणूस हुकूम पाळण्यात म्हातारा झालेला.

आबांनी हे सगळं पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हाऊ काही साहेब दिखस नही."

जेवण झालं. हात धुतले. मग नाना पाहुण्यांसमोर येऊन बसले आणि मला म्हणाले, "आते त्याले सांग माय. तुना पणजा आठे, मना पणजानी मांडीवर मरना. आमी त्याले कधी तिसना ठेवा नही. आते तू उना, तुनी चीज तुले देस."

मी शब्दाला शब्द सांगितला, 'तिसना' म्हणजे तहानलेला हेसुद्धा. पाहुणे ऐकत होते. मधेच त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं, आणि मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "इथं मेले, असं म्हणतात ते?"

व्हिडिओखालच्या इंग्रजी ओळींत आमच्या पुतण्यानं मरणासाठी 'फेल', म्हणजे 'पडला', एवढंच लिहून ठेवलं होतं, आणि पाहुण्यांना वाटलं होतं की आजारी पडला. मी म्हटलं, हो, इथंच मेले.

पाहुण्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. त्यांचे पणजोबा इथं मेले नव्हते. डोलीतून त्यांना छावणीत नेलं, तिथं ते बरे झाले, मायदेशी गेले, लग्न केलं, पार्लमेंटात निवडून आले आणि नव्वदी ओलांडून आपल्या बिछान्यात मेले. पाहुण्यांच्या वडिलांनी लहानपणी त्यांना पाहिलं होतं. त्यांच्या मिशा ओढल्या होत्या.

"तोंडावर कापड टाकलं होतं म्हणतात," मी कसंबसं म्हटलं.

"तापात ओलं फडकं टाकतात ना," पाहुणे म्हणाले.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ह्यांना थोडंफार इंग्रजी येतं, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, सांगू नये. नानांना काय कळणार आहे. पण नाना माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहत होते की खोटं उभं राहिना. मी सांगितलं. इथं मेले नाहीत नाना. बरे होऊन घरी गेले. खूप जगले.

नाना उठले, पायात वहाणा घातल्या आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

आबांना मात्र राहवलं नाही. "म्हनजे मी इतला साल जित्ता मानूसनं जेवन जेवनू का?" त्यांनी विचारलं. हिशेब त्यांनी अगदी पद्धतशीर चुकवला होता, कारण आबा जेवायला लागले तोवर साहेब मरून जमाना झाला होता. पण ते समजावण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. बायका हसायला लागल्या आणि मला इतका राग आला की मी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. पाठमोरे बसलेले नाना माझ्याच्यानं बघवत नव्हते. चार पिढ्या ज्याला इथं मेला धरून पाणी पाजलं तो इथं मेलाच नव्हता, आणि ते कळायला पंच्याऐंशी वर्षं जगावं लागलं. गावभर याची गोष्ट होणार हे त्यांना माहीत होतं.

पाहुणे उठले. काठी टेकत टेकत निंबाखाली गेले आणि नानांच्या शेजारी बाजेवर बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मग पाहुण्यांनी मला खूण केली.

"यांना सांगा," ते म्हणाले, "आमच्या घरी या पणजोबांबद्दल सगळ्यांना एकच गोष्ट माहीत आहे. ते कोणाही माणसाला जेवणाच्या टेबलावर धरून सांगत, की हिंदुस्थानात एका माणसानं माझं डोकं मांडीवर घेऊन मला थेंब थेंब पाणी पाजलं, आणि मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. पार्लमेंटातही ते हेच सांगत. धान्याच्या जकातीवर चर्चा असो की रस्त्यांवर, ते उठले की मांडी आणि पाणी. लोक उठून जात. माझ्या आजीनं तर त्यांच्याशेजारी बसायचं सोडलं होतं. त्या माणसाचं नाव विचारायला मी आलो आहे."

मी सांगितलं. नानांनी मान वळवली.

"मांडी खरी शे?" त्यांनी विचारलं.

"खरी आहे, नाना."

"पानी?"

"पाणीही खरं."

नाना पूर्ण वळून पाहुण्यांसमोर बसले. "मंग बठ्ठं खरं शे," ते म्हणाले. "मरनं तेवढं मांगेपुढे व्हस."

मग त्यांनी पाहुण्यांना आपल्या पणजोबांचं नाव सांगितलं. पाहुण्यांनी ते चार वेळा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा वेगवेगळं म्हटलं. नाना प्रत्येक वेळी दुरुस्त करत होते आणि हळूहळू हसायला लागले होते.

आता घागरीचं काय, हे विचारायचं राहिलं होतं, आणि ते नानांनीच काढलं. घेऊन जा म्हणाले. दरवर्षी भर, फार काही लागत नाही, खरबूज नसलं तर नसलं. पाहुण्यांनी ऐकून घेतलं आणि मग खूप सावकाश सांगितलं की त्यांना मूलबाळ नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घर त्यांनी एका संस्थेला देऊन टाकलं आहे, लोक तिकीट काढून पाहायला येतात, ते स्वतः कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या नंतर त्या घरात त्या नावाचं कोणी नाही. एक भाची आहे, ती दूर असते. आणि त्यांच्याकडे मेलेल्यांना पाणी द्यायची रीत नाही. फुलं ठेवतात, तीही पहिल्या एकदोन वर्षांत.

मोठ्या घरचा माणूस, ज्याच्या बापजाद्यांनी राजाच्या पंगतीत जेवण केलं, तो आमच्या बाजेवर बसून मला सांगत होता की त्याच्यामागं कोणी नाही.

"मंग याले कोन पानी दी?" नानांनी मला विचारलं. हा प्रश्न भाषांतर करायचा की नाही, मला कळेना. पण पाहुण्यांना तो न सांगताच कळला असावा, कारण त्यांनी खांदे उडवले आणि काठीनं मातीत एक रेघ ओढली.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "घागर आठेच ऱ्हाऊ दे. तो जित्ता व्हता तवय भरी, आते खरोखर मरेल शे, मंग बंद करूत का?"

पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले. जाताना त्यांनी आबांना आपली गवती हॅट दिली, आणि आबांनी साहेबी मान हलवून ती स्वीकारली.

पुढच्या हिवाळ्यात भाचीचा फोन आला. दुपारी वरच्या सभागृहात ते नेहमीप्रमाणे बसून झोपले होते, आणि संध्याकाळी उठलेच नाहीत. शेजारच्या बाकावरच्या माणसाला दिवे मालवताना कळलं. नानांना सांगितलं तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. पाय गेले होते, दृष्टीही अधू झाली होती. ऐकून म्हणाले, "बसेल बसेल गया. चांगला गया." आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतरची आखाजी आली. नानांची खाट ओसरीवर आणली होती, उंबरठा दिसेल अशी. दोनच घागरी होत्या, घरच्यांची आणि साहेबाची. आता दोन साहेबांची. ह्यांनी घरच्या पितरांची बोटं ओढली आणि बाजूला झाले. ते त्यांच्या शब्दाला जागले, मला त्यांचा रागही आला नाही. नाना खाटेवरून उठायचा प्रयत्न करत होते. हातातली कुंकवाची वाटी कलंडत होती.

"नाना, पडाल तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी वाटी माझ्यापुढं धरली. "मंग तू वाक."

आमच्या घरात बायकांनी ही बोटं कधी ओढली नव्हती. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझा पदर डोक्यावर नीट करून दिला. मी उंबरठ्याशी बसले. मोठ्या साहेबाचं नाव घेतलं आणि बोट ओढलं. मग आमच्या पाहुण्यांचं पूर्ण नाव घेतलं, सगळ्या पदव्यांसकट, जसं ते ईमेलखाली लिहीत, आणि त्यांचं बोट ओढलं. ते ओढताना मात्र मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

नाना वाकून पाहत होते. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून हातानं उंबरठा चाचपत त्यांनी दोन्ही बोटांवरून आपलं बोट फिरवलं. मग त्याच्या पुढच्या कोऱ्या जागेवर हात ठेवून ते थांबले.

"मनं आठे," ते म्हणाले. "ओढशी ना?"

"तुमचं घरच्यांत, नाना. ते हे ओढतील."

"घरनास्मा तो ओढी. ते मी त्याले सांगेल शे." त्यांचा हात तिथून हलला नाही. "पन या दोन्ही परके शेतस, यास्ले आठे कोन वळखस? यास्ना जोडे एखादा वळखना पाहिजे."

मी ओढीन म्हटलं. नानांनी कुंकू लागलेला हात चादरीला पुसला आणि जेवायला वाढा म्हणाले.